आंबा घाटाचा उतार

सायकल मी हौसेनं शिकले नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि एका दिवाळीच्या सुटीत माझ्या नवऱ्यानं ठरवलं की रत्नागिरीत सायकलवर बसणारी पहिली घरंदाज बाई आपल्या घरातली असावी. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवत. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. एकोणीसशे तिसाच्या पुढची ती सालं. मास्तर सुधारक म्हणून ओळखले जात. बायकांनी व्यायाम करावा, मोकळ्या हवेत फिरावं, यावर ते फार छान बोलायचे. ऐकणारा भारावून जाई. मीही लग्नाआधी एकदा ऐकलं होतं आणि भारावले होते.

बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या मडमेची सायकल त्यांनी घरी आणली. हिरवी, खाली वाकलेल्या दांडीची, पुढे वेताची टोपली. गावाबाहेरच्या कातळावर पहाटे उजाडता उजाडता आमची शिकवणी सुरू झाली. मास्तर वर्गातली छडी बरोबर आणत. पायडलवरून पाय सुटला की पोटरीवर छडी बसायची. रागावून नाही, वर्गात देत तशीच, शांतपणे. आमचा कातळ म्हणजे किसणी. त्याच्यावर पडलं की गुडघ्याची साल जायची. मी बसून राहिले तर ते म्हणत, "ऊठ. रडणाऱ्या बायकांवर मी व्याख्यानं देत नाही."

घरी आलं की सासूबाई मागल्या दारी उभ्या असत. आंघोळ केल्याखेरीज मला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. विहिरीचं थंड पाणी त्या स्वतःच्या हातानं माझ्यावर ओतत, आणि शेवटचा तांब्या मिठाच्या पाण्याचा असे, नेमका गुडघ्यांवर. "चिघळू नये म्हणून हो," म्हणत. मी ओठ चावून उभी राहायची. मास्तर पडवीत वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. एकदा मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ते तुमचं बायकांचं. त्यात मी पडत नाही."

रस्त्यात लोक हसत. कोणी शेणाचा गोळा मारला, तो पाठीवर बसला. मास्तर पुढे होते, त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "थांबू नकोस. थांबलीस तर ते जिंकले." त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. फक्त शेण माझ्या पाठीवर होतं.

आणि मग एका सकाळी नाचणे गावाच्या रस्त्याला, उतारावर, माझे पाय आपोआप फिरायचे थांबले, सायकल नुसती वाहायला लागली. काजूच्या झाडांचा वास येत होता. आपलं वजन गेलं आहे असं वाटलं. मी चोवीस वर्षांची होते, आणि तोवर इतकं सुख मला कशानंच दिलं नव्हतं. पण ते मी तोंडावर दिसू दिलं नाही. मला सायकल आवडते हे मास्तरांना कळलं असतं तर ती काढून घेण्यासारखी एक वस्तू झाली असती, एवढं मी तीन वर्षांत शिकले होते. म्हणून घरी आल्यावर मी कण्हत बसायची, "फार दमले बाई" म्हणायची, आणि मास्तर समाधानानं म्हणायचे, "उद्या याच्या दुप्पट."

दुसऱ्या वर्षी त्यांनी कोल्हापूरचा बेत केला. तिथल्या एका महिला मंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. सर्व्हिस मोटारीनं न जाता आपण सायकलवरून जायचं, आंबा घाट चढून, आणि सभेत बायकोसकट सायकलवरूनच उतरायचं, अशी त्यांची कल्पना. ऐंशी मैलांचा रस्ता. बरोबर त्यांचा एक स्नेही निघाला. तो तरुण वकील होता, लग्न व्हायचं होतं. स्वभावानं मोकळा, गप्पिष्ट. मला "वहिनी, वहिनी" करायचा, पडले तर धावत येऊन सायकल उचलायचा. आमच्या घरी माझ्याशी माणसासारखं बोलणारा तो एकटा होता.

नाताळच्या सुटीत निघालो. हातखंब्यापर्यंत चढउतार, पुढे पाली, मग नाणिजचा चढ. रस्ता लाल धुळीचा, मध्ये बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. चाकोरीत चाक गेलं की बाहेर निघत नसे. मी पातळाचा काष्टा घट्ट मारला होता आणि पदर कमरेला दोनदा खोचला होता. नाणिजच्या चढावर मास्तरांच्या मांडीत पेटका आला. ते रस्त्याच्या कडेला बसले आणि वकिलानं त्यांचा पाय चोळला. मी उभी होते. "बघत काय बसलीस, पाणी आण," ते ओरडले. मी ओढ्यावरून पाणी आणलं. मला तेव्हा दम लागलेला नव्हता, आणि ते त्यांनी पाहिलं.

साखरप्याला मास्तरांच्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी घाट.

तो घाट तेव्हा कसा होता ते सांगते. रस्ता डोंगराच्या कुशीतून वळत वळत वर जातो. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि दरीत इतकं दाट रान की खालची जमीन दिसत नाही. ऐन, जांभूळ, हिरडा. त्या रानात गवे होते, वाघही होता, म्हणून गाडीवाले चार-चार गाड्या जोडून चढत. चढ असा की सायकलवर बसून जाणं कोणालाच शक्य नाही. आम्ही तिघंही उतरलो आणि सायकली ढकलत निघालो. थोडी सपाटी आली की मी बसायची, पन्नास-साठ हात जायची, पुन्हा उतरायची. माझी चाल त्या दोघांपेक्षा बरी पडत होती. माहेरी डोंगरातल्या पायवाटांनी हिंडलेली होते. वरच्या शेवटच्या वळणावर मी पोचले तेव्हा ते दोघं दोन वळणं खाली होते. मी दगडावर बसून वाट पाहिली. तिथून सगळं कोकण दिसत होतं, डोंगरांमागे डोंगर, शेवटी धूसर होत गेलेलं.

वकील वर आला आणि हसत म्हणाला, "मास्तर, वहिनींनी आपल्याला धूळ चारली हो!"

मास्तरही हसले. रुमालानं तोंड पुसून म्हणाले, "शिकवणी कोणाची?"

कोल्हापूरला सभा एका शाळेच्या पटांगणात होती. शंभरेक बायका सतरंजीवर बसलेल्या. मास्तरांनी आधी मला सायकलवरून पटांगणाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. मग बोलले. पाऊण तास बोलले, आणि शेवटी म्हणाले की आंबा घाट त्यांनी पायउतार न होता चढला; पत्नीला मात्र अधूनमधून धीर द्यावा लागला, हात द्यावा लागला. टाळ्या पडल्या.

तेव्हा अध्यक्ष म्हणून बसलेल्या प्रौढ बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीही दोन शब्द सांगा ना."

"तिला बोलायची सवय नाही," मास्तर म्हणाले.

मी उभी राहिले. म्हणाले, "घाटात सायकल ढकलतच न्यावी लागते. पायी चालण्यात लाज नाही. आम्ही तिघांनीही ढकलली."

मागच्या रांगेतली एक बाई खुदकन हसली. तिच्यामागून सगळ्याच हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. मास्तरही हसले.

मला काय ठाऊक, मी भोळेपणानं बोलले, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. उभी राहताना मला पक्कं ठाऊक होतं की मी काय करते आहे.

परतीच्या वाटेवर मास्तर माझ्याशी फार अदबीनं वागले. मलकापूरला मुक्काम होता, तिथे स्वतः माझ्यासाठी दूध आणलं. "दमली असशील," म्हणाले. सकाळी निघून आंबा गाव मागे टाकलं आणि घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा सूर्य डोक्यावर यायचा होता. मास्तर थांबले.

"तुझ्या ब्रेकचा आवाज येतो आहे. उतार मोठा आहे, बघू दे."

मी उतरले. त्यांनी पिशवीतून पाना काढला, सायकल उलटी केली, आणि ब्रेकची चारही रबरं एकामागून एक सोडवली. मला वाटलं साफ करताहेत. त्यांनी ती रुमालात बांधली आणि खिशात घातली. सायकल सरळ करून माझ्या हाती दिली.

"पायी चालण्यात लाज नाही ना?" ते म्हणाले. "मग ये चालत."

मला कळेना. मी हसलेसुद्धा. त्यांनी फराळाचं गाठोडं माझ्या टोपलीतून काढून आपल्या कॅरियरला बांधलं, पाण्याची बाटली घेतली.

वकील पुढे आला. "मास्तर, पुरे झाली चेष्टा. रान आहे हे. एकट्या कशा येतील त्या?"

मास्तर त्याच्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "माझ्या बायकोची तुम्हाला फार काळजी दिसते. कधीपासून?"

वकील दोन पावलं मागे सरला. तो तरुण होता, गावात वकिली बसवायची होती, लग्नाची बोलणी चालली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या आशेनं मी कोणाकडे तेवढं एकदाच पाहिलं असेल. त्यानं मान खाली घातली, सायकलला टांग मारली आणि उतार धरला. मास्तर त्याच्या मागोमाग गेले. दोन वळणं त्यांच्या चाकांचा आवाज ऐकू येत होता, मग तोही थांबला.

मी चालायला लागले. चढताना सायकल ढकलायची तर जोर लागतो, पण उतरताना ती माणसाला ओढते. दोन्ही हातांनी हँडल मागे रेटून धरावं लागत होतं. ऊन चढलं. घशाला कोरड पडली. एका ठिकाणी रस्त्यावर ताजं शेण पडलं होतं, गव्याचं असावं, त्यातून वाफ येत होती. मी तिथून धावले, सायकलसकट. रडू आलं नाही. मनात एकच होतं, की खाली ते वाट बघत असतील, चेष्टा संपली असेल. प्रत्येक वळणावर मला तसंच वाटायचं, आणि प्रत्येक वळण मोकळं असायचं.

तळाकडे रस्ता जरा सपाट झाल्यासारखा वाटला. पाय सुजले होते. मी विचार केला, उतार संपला, आता सायकलवर बसू, आणि बसले. तो संपलेला नव्हता. वळणापलीकडे तो पुन्हा खाली गेला होता. मी पाय जमिनीला घासून वेग कमी करू बघितला, तर वहाणेचा अंगठा तुटला आणि तळवा खडीवर सोलून निघाला. समोर दरीचं वळण आलं. मी हँडल डोंगराच्या बाजूला वळवलं आणि चरीत जाऊन आदळले.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं. पुढचा एक दात गेला. सायकलचं पुढचं चाक वाकडं झालं होतं, तरी ती ढकलता येत होती, आणि मी ती टाकून दिली नाही. का, ते सांगता येत नाही. एका हातानं ती ओढत मी पायथ्याच्या वाडीत आले.

वाटेवरच्या घरासमोर एक कुणबीण भात वाळवत होती. मला बघून उठली. माझं तोंड रक्तानं भरलेलं, काष्टा फाटलेला. तिनं पाणी आणलं, पण भांडं माझ्या हाती दिलं नाही, वरून ओतलं. मी ओंजळ धरायला गेले तर एकच हात वर आला.

"सोडलान काय गो तुला घोवानं?" तिनं विचारलं.

"नाही. पुढे गेलेत. थांबलेत," मी म्हणाले.

"दुपारपास्नं कोन थांबलाय गो," ती म्हणाली. तिनं त्या दोघांना जाताना पाहिलं होतं. "हसत गेले दोगं." मग तिनं आपल्या लुगड्याचा जुना पट्टा फाडून माझा हात गळ्यात बांधला. आत ये म्हणाली नाही.

हसत गेले हे खरं की तिनं उगीच सांगितलं, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

दिवेलागणीला मी साखरप्याला पोचले. ते दोघं बागायतदाराच्या पडवीत बसले होते, जेवण होऊन पानं लावणं चाललं होतं. मला बघून घरची बाई किंचाळली. मास्तर उठले, घाईनं खाली आले, माझ्या हातातली सायकल घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तरी मी सांगत होतो! हट्ट धरलान, एकटी उतरून दाखवते म्हणाली. काय करणार?"

बागायतदारानं वकिलाकडे पाहिलं. "होय हो?"

वकील पानाच्या डब्यात बघत होता. "होय," तो म्हणाला. "वहिनी ऐकेनातच."

घाटातल्या एकटेपणापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. मास्तरांकडून मी काही मागितलं नव्हतं. याच्याकडूनही आता मागत नव्हते. तो गप्प बसला असता तरी मला पुरलं असतं.

हाड बसवणारा एक म्हातारा होता, त्यानं मनगट ओढून कामट्या बांधल्या. ओढताना मास्तर माझा खांदा धरून बसले होते आणि मी ओरडले की म्हणत, "श्, लोकांचं घर आहे." मनगट वाकडंच बसलं. आजही त्या हातानं मला पाण्याची घागर उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी मला मोटारीत बसवलं, सायकल टपावर. मास्तर आणि वकील सायकलवरून आले. माझी मोटार आधी पोचली. सासूबाईंनी दारातच मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, हात, दात, पाय, आणि देवाला साखर ठेवली. "सुटलो एकदाचं," म्हणाल्या. त्या संध्याकाळी नारळ खवायला त्यांनी खवणी माझ्यापुढेच ठेवली. एका हातानं खवणं जमेना तेव्हा म्हणाल्या, "घाट उतरायला जमतं की."

मास्तरांनी त्या प्रवासावर एका साप्ताहिकात लेख लिहिला. चांगला होता लेख. रस्ता कुठे खराब, पाणी कुठे गोड, मुक्काम कुठे करावा, सगळं नीट सांगितलेलं. शेवटी लिहिलं होतं की प्रत्यक्ष अनुभवांती आपलं मत बदललं आहे. स्त्रीचं मन उतारावर ताब्यात राहत नाही, तेव्हा बायकांनी सपाटीच्या पलीकडे जाऊ नये. सुधारक माणूस स्वतःची चूक कबूल करतो याचं गावात फार कौतुक झालं. लेख त्यांनी मलाच मोठ्यानं वाचायला लावला, सासूबाईंना ऐकू जावा म्हणून. दात गेल्यामुळे माझे काही शब्द फुसफुसत होते. ते प्रत्येक वेळी थांबवून पुन्हा म्हणायला लावायचे.

सायकल सुताराच्या पडवीत गेली, पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही.

वर्षभरानं वकिलाचं लग्न झालं. बायको पुण्याकडची, एकोणीस वर्षांची, गोड होती. शाळेत सायकल चालवलेली. रत्नागिरीत कोणी बाई चालवत असे हे तिला कळलं तेव्हा एका दुपारी ती नवऱ्याला घेऊन आमच्याकडे आली. मास्तर शाळेत होते. ती माझ्यासमोर बसून हसत म्हणाली, "वहिनी, तुम्ही आंबा घाट चढलात म्हणे! मला सांगा ना सगळं. मलाही जायचंय. हे नेतो म्हणालेत."

वकील दाराशी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं सांगितलं. रबरं कशी काढली, गाठोडं कसं उचललं, तुझा नवरा काय म्हणाला आणि मग कसा गेला, साखरप्याच्या पडवीत पानाच्या डब्यात बघत काय बोलला. एकही शब्द वाढवला नाही. हळू आवाजात, ती नवी नवरी आहे हे बघत बघत सांगितलं. बाही सरकवून मनगट दाखवलं.

ती वळून म्हणाली, "हे खरं?"

त्याला तेव्हाही नाही म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता, तिला ठेवायचाच होता. त्यानं मान खाली घातली.

ती उठली. माझ्या पाया पडायला वाकली, अर्ध्यात थांबली आणि तशीच बाहेर गेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली ती दीड वर्ष आली नाही. आली तेव्हा गावात सांगत की घरात दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. रस्त्यात मी दिसले की ती पलीकडच्या कडेनं जाई.

त्या मुलीनं माझं काही बिघडवलं नव्हतं. त्याचाही गुन्हा मास्तरांच्या निम्म्यानं नव्हता, आणि त्या दुपारी मास्तर घरी असते तर मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नसतं, हेही मला ठाऊक आहे. जिथे घाव पोचत होता तिथे मी तो मारला. ती गेल्यावर मी चहाची भांडी विसळली, भाजी चिरायला घेतली, आणि कितीतरी महिन्यांनी मला त्या दिवशी दोन वेळची कडकडून भूक लागली.